संत्र्याचे थेंब

दिवाळीनंतर वरूडमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. बागांमधून आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागतो आणि शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागते. मग स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचे तयार ज्वालामुखी लटकतात. बाप पैसे देतो, आई रात्री जागून रंग लावते, आणि पोरगं सकाळी ते उचलून शाळेत नेतं. परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की सगळं उघडं पडतं.

माझ्या सातवीतल्या पुतणीने यंदा ठरवलं, की आपल्या संत्र्यात ‘क’ जीवनसत्त्व सगळ्यात जास्त असतं हे दाखवायचं. प्रयोग करण्याआधीच उत्तर ठरलेलं! मी तेव्हा काही बोललो नाही.

प्रयोग स्वयंपाकघरात होण्यासारखा आहे. आयोडीन स्टार्चला भेटलं की गडद निळा रंग येतो. पण मध्ये ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते आधी आयोडीनला गाठून त्याचं आयोडाइड करून टाकतं, आणि आयोडाइड स्टार्चला रंग देत नाही. म्हणजे रसात आयोडीनचे थेंब सोडत जायचे. ‘क’ संपलं की पुढच्या थेंबाला निळा रंग टिकतो. जितके थेंब जास्त, तितकं ‘क’ जास्त.

साहित्य औषधाच्या दुकानातलं. जखमेवर लावतात ते ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, त्यात चौपट पाणी. स्टार्चसाठी भाताची गाळलेली पेज. आणि ‘क’ जीवनसत्त्वाची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी, दोन लिटर पाण्यात विरघळवून. ही गोळी आपलं माप आहे, कारण त्या १०० मिलिलिटर पाण्यात २५ मिलीग्रॅम ‘क’ असतं हे आपल्याला ठाऊक असतं. दरवेळी ५ मिलिलिटर नमुना, थोडी पेज, आणि एकाच ड्रॉपरने थेंब. आयोडीन टाकलेला रस प्यायचा नाही, आणि प्रयोगाचे पेले चहाला परत वापरायचे नाहीत, एवढं मात्र मोठ्यांनी बघावं.

पेज शिजवणं माझ्याकडे होतं. थेंब तिनेच मोजले. पहिल्यांदा विसाव्या थेंबाला हाक आली आणि मोजणी चुकली. मला ड्रॉपर हातात घ्यायचा फार मोह झाला. पालकाची खरी परीक्षा इथेच असते! मी हात मागे बांधून उभा राहिलो. तिने तो पेला ओतून दिला आणि नव्याने सुरुवात केली. गोळीच्या पाण्याला ३५, ३७, ३६ थेंब. संत्र्याच्या ताज्या रसाला ४१, ४३, ४२. सरासरी घेऊन त्रैराशिक मांडलं, तर १०० मिलिलिटर रसात सुमारे २९ मिलीग्रॅम. पोरगी खूश.

मग पेरू. १० ग्रॅम गर कुटून, पाणी घालून १०० मिलिलिटर केला आणि गाळला. थेंब २८. ‘‘पेरू हरला!’’ म्हणून ती उठली. मी एवढंच विचारलं, ‘‘त्या पाण्यात पेरू किती होता?’’ ती बसली, वहीवर वाकली. १०० मिलिलिटरमधलं १९ मिलीग्रॅम फक्त १० ग्रॅम पेरूचं होतं. म्हणजे १०० ग्रॅमला १९०च्या पुढे.

आबाजी ओसरीवरून ऐकत होते. त्यांची उभी हयात संत्र्यात गेली. कलमा शेंदुरजना घाटाहून आणलेल्या. ‘‘संत्रा कमी अन् पेरू जास्त? काहीतरी चुकलं असन तुयं. शाळेत असं नको सांगू.’’ पुतणीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तक्त्यात आकडा बदलायला खोडरबर पुरे होतं.

मी तिला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे दाखवले. पेरू १०० ग्रॅमला २०० मिलीग्रॅमच्या आसपास, आवळा त्याहूनही वर, संत्रा साधारण ३० ते ४५. तिची मोजणी ठीक होती. मात्र घरगुती मोजणी ढोबळच. फळातले दुसरे काही घटकही थोडं आयोडीन खातात, हे तिने तक्त्याखाली लिहिलं.

आबाजींना मी वेगळा हिशेब सांगितला. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलीग्रॅम आणि बाईला ६५ पुरेसं धरतात. दोन-तीन संत्र्यांत त्याचा मोठा वाटा निघतो, आणि दोन-तीन संत्री माणूस सहज खातो. आवळे कोण खातं तेवढे? शिवाय जेवणासोबत संत्रं घेतलं की भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. आपल्याकडच्या पांढऱ्या पडलेल्या मुलींना हे जेवढ्या वेळा सांगावं तेवढं थोडं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही ‘क’ जीवनसत्त्वाच्या शर्यतीत पहिला नंबर आला म्हणून नव्हे.

आबाजी काही बोलले नाहीत. पुतणीने तक्त्याचं शीर्षक तेवढं बदललं: ‘संत्र्यात सर्वाधिक’ खोडून ‘कोणत्या फळात किती?’ खोडलेलं तसंच दिसू दिलं. प्रदर्शनात नंबर आला नाही. पण परीक्षकबाई तिच्या टेबलापाशी बराच वेळ थांबल्या; खोडलेल्या ओळीबद्दलच विचारत होत्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आबाजी बागेतून आले ते दोन संत्री घेऊन. एक झाडावरून तोडलेलं, एक गळून खाली पडलेलं. दोन्ही ओट्यावर ठेवून म्हणाले, ‘‘पोरी, यायच्यातला फरक सांग बरं.’’

तिने ड्रॉपर धुवायला घेतला.