नाव एकाचे, मेळा सर्वांचा

टोरोंटोच्या ‘ब्रोकन सोशल सीन’ या वाद्यवृंदाचे एक संस्थापक केव्हिन ड्रू यांनी २००७ साली ‘स्पिरिट इफ...’ हा गीतसंग्रह स्वतःच्या नावावर दाखल केला खरा. परंतु वृंदातले अनेक सोबती, शिवाय ‘डायनोसॉर ज्युनिअर’ या वाद्यवृंदाचे जे. मॅस्किस आणि कॅनडाचे लोकप्रिय गायक टॉम कॉक्रेन यांच्यासारखे पाहुणे ज्या कामात सहभागी झाले, आणि ज्याचे ध्वनिमुद्रण पुष्कळसे एका सहनिर्मात्याच्या राहत्या घरीच पार पडले, त्यास ‘एकल’ म्हणणे हा निव्वळ दप्तरी शिरस्ता होय. खुद्द शीर्षकातही ‘सादरकर्ते’ म्हणून आधी वृंदाचेच नाव येते! वृंदाने ‘सादर’ केलेल्या अशा संग्रहांच्या मालिकेतच २००८ मध्ये दुसरे संस्थापक ब्रेंडन कॅनिंग यांचा ‘समथिंग फॉर ऑल ऑफ अस...’ निघाला.