आजींच्या नानकटाईचा हिशेब

दिवाळीपूर्वी तूप, साखर, मैदा मोजून पिशवीत भरायचे, बेकरीच्या भट्टीपाशी नंबर लावायचा आणि संध्याकाळी नानकटाईने भरलेला पत्र्याचा डबा घरी आणायचा, ही रीत आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पुढे ओव्हन घरात आला आणि भट्टीवरचे काम आई-आजींच्या हाती गेले. आता त्याच घरांत नातवंडे म्हणू लागली आहेत, "आजी, आपण हे विकू या का?" आपल्या घरी हा प्रश्न निघाला असेल, तर तो हसण्यावारी नेऊ नये आणि लगेच होकारही देऊ नये. आधी एक हिशेब मांडावा.

समजा, एक किलो नानकटाईला साहित्य 270 रुपयांचे लागले, डबा 30 रुपयांचा आणि वीज 15 रुपयांची. एकूण 315. शेजाऱ्यांना परवडावे म्हणून भाव 400 ठेवला, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने 85 रुपये नफा. परंतु तूप फेसणे, गोळे वळणे, भाजणे, डबे भरणे यांत आजींचे अडीच तास गेले. म्हणजे तासाला 34 रुपये. हा आकडा कागदावर येत नाही, कारण आजींच्या श्रमाला घरात कधी भाव लावलेलाच नसतो. हौसेच्या धंद्यात ज्येष्ठ व्यक्ती बिनपगारी कारागीर होऊन बसते ती येथेच. तेव्हा किंमत ठरवताना साहित्याच्या खाली 'मजुरी' अशी ओळ लिहावी आणि ती रक्कम आजींच्याच बँक खात्यात जमा व्हावी. उरलेल्या नफ्याची वाटणी मग सर्वांनी मिळून ठरवावी.

गिरगावात 1959 साली जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. तेथे पापड लाटणारी स्त्री संस्थेची सभासद असते आणि तिच्या कामाचा मोबदला तिच्या हाती पडतो. उद्योग घरगुती असला म्हणून श्रम फुकट असावेत असे नाही, हे आपल्याच मुंबईतील बायकांनी दाखवून दिले आहे.

आता शरीराकडे वळू. नानकटाईच्या कृतीत तूप आणि साखर एकत्र फेसणे हे सर्वांत कष्टाचे काम. ज्यांच्या अंगठ्याचे किंवा मनगटाचे सांधे दुखतात, त्यांनी ते हातयंत्रावर किंवा तरुण माणसावर सोपवावे. गोळा वळणे, वेलचीचे प्रमाण ठरवणे आणि भाजल्याचा वास ओळखणे हे मात्र आजींकडेच राहू द्यावे; त्यांचे खरे कसब तेथेच आहे. ओव्हन कमरेच्या उंचीच्या ओट्यावर असावा, म्हणजे तापलेला ट्रे काढताना वाकावे लागत नाही. वळण्याचे काम बसून करावे.

दीर्घकाळच्या मधुमेहात हातापायांची संवेदना मंदावू शकते. अशा व्यक्तीला चटका बसल्याचे उशिरा कळते आणि जखमही सावकाश भरते. तेव्हा तापलेल्या ट्रेला त्यांनी हात लावू नये, हा घरचा नियमच असावा. मागणीच्या धांदलीत जेवण लांबले आणि इन्सुलिन किंवा गोळी मात्र घेतली गेली, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. जेवणाची वेळ म्हणूनच भट्टीच्या वेळेपेक्षा पक्की धरावी. ज्यांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे, त्यांना गोळे वळण्यात गोडी वाटत असेल तर जरूर वळू द्यावे. मात्र पेटलेल्या ओव्हनपाशी त्यांना एकटे ठेवू नये.

सुरुवातीला कोरडे पदार्थच निवडावेत. नानकटाई, बिस्किटे, नाचणीची कुकी हे पदार्थ हवाबंद डब्यात काही दिवस नीट राहतात; क्रीमच्या केकला मात्र सतत थंडावा लागतो, आणि वीज गेली की सारा माल संशयास्पद होतो. तुपाऐवजी वनस्पती वापरण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. ट्रान्स फॅट हृदयाला अपायकारक असल्याने भारतात 2022 पासून तेल व वनस्पतींमध्ये त्याचे प्रमाण जास्तीत जास्त 2 टक्के इतके मर्यादित केले आहे, तरीही घरच्या चवीची ओळख तुपानेच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत. आणि गूळ घातला म्हणून पदार्थ मधुमेहींना चालतो, असे डब्यावर कधीही लिहू नये. गुळानेही रक्तातील साखर वाढते. आपले ग्राहक बहुधा आपल्याच वयाचे असतात आणि ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात.

कायद्याची बाजू फारशी अवघड नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरून पदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो आणि मिळालेला 14 अंकी क्रमांक डब्यावर छापावा लागतो. अर्ज शक्यतो आजींच्या नावाने करावा. घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवावे, हेही डब्यावर असावे. शेंगदाणे किंवा सुकामेवा असल्यास ठळक लिहावे, कारण त्याची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतते.

एक काम विलंब न लावता करावे. आजींची 'एक वाटी' म्हणजे नेमके किती ग्रॅम, ते त्यांच्याच वाटीने भरून वजनकाट्यावर मोजावे आणि वहीत लिहावे. वाटी फुटते, हात थकतो. मग चव शोधत बसावे लागते. वही भरली की दिवाळीसाठी आठवड्याला किती किलो झेपतील, हा आकडा आजींनाच विचारावा आणि तेवढ्याच मागण्या घ्याव्यात.