जॉर्ज टाउन : भिंती आणि माणसे

मलेशियातील पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउन शहरात फिरताना १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, करुणादेवीचे चिनी देऊळ, तमिळांचे मारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद थोड्याच अंतरात भेटतात. मांचुरियातील १९१०-११ च्या प्लेगमध्ये मुखपट्टीचा आग्रह धरणारे डॉ. वू लिएन-तेह इथलेच; नट-गायक पी. रामलीही इथलेच.

जुन्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू राहत. २००० साली भाडेनियंत्रण उठले, भाडी वाढली, अनेक कुटुंबांनी घरे सोडली. २००८ मध्ये मलाक्कासह हे शहर जागतिक वारसा यादीत आले. वास्तूंना संरक्षण मिळाले; पण मंडळी, देवळात दिवा लावणारा शेजारीच गेला, तर वारसा म्हणून नुसत्या भिंतीच उरतील ना?