बप्पी लाहिरी आणि घोरण्याचे दुखणे

हिंदी चित्रपटसंगीतात डिस्कोचा ठेका रुजविणारे बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, मुंबईत निवर्तले. जलपायगुडीत जन्मलेल्या या कलावंताचे आईवडील दोघेही गायक. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ने त्यांची गाणी सोव्हिएत संघापर्यंत पोहोचविली. चर्चा मात्र गळ्यातील सोन्याच्या साखळ्यांचीच अधिक झाली. ‘ऐतबार’मधील त्यांच्या गझला, माझ्या मते, उपेक्षितच राहिल्या.

मृत्यूचे कारण डॉक्टरांनी सांगितले ते ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’, म्हणजे निद्रेत श्वासमार्ग वारंवार बंद होणे. जोडीला छातीचा संसर्ग होता. आमच्या भाईंदरमध्ये मात्र ‘ह्यांना झोप गाढ लागते, चांगले घोरतात,’ असे कौतुकाने सांगितले जाते! वस्तुतः घशाचे स्नायू सैलावून वाट बंद होते, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू रुग्णास क्षणभर जागे करतो. रुग्णाला याची बहुधा जाणीव नसते. ते कळते शेजारी झोपणाऱ्याला. घोरणे मध्येच थांबून, काही क्षणांच्या शांततेनंतर गुदमरल्यासारखा श्वास घेतला जातो का, हे पाहावे. सोबत सकाळची डोकेदुखी, दिवसा पेंग किंवा आटोक्यात न येणारा रक्तदाब असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निद्राचाचणी करावी. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. तिच्यामुळे श्वासाचा अडथळा वाढू शकतो. हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा मुखवटा प्रारंभी नकोसा वाटतो. मापात बसत नसेल तर बदलून घ्यावा.