दोनशे पासष्ट भाकरी

पहाटे ४.३०
बसवकल्याणच्या जुन्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. मागं पत्र्याची पडवी, पडवीत दोन चुली. येळवशीचा सण तीन दिवसांवर आलाय, थंडी बोचते. भाकरी थापून विकणाऱ्या अक्का चुलीपुढं पाणी शिंपडतात, तव्याला हात लावून कपाळाला लावतात आणि काडी ओढतात. सरपण तुराट्यांचं. तूर इथं उदंड, म्हणून तुराट्याही मिळतात. सकाळच्या कामाला साठ रुपयांच्या लागतात. भुर्रकन पेटतात, भुर्रकन विझतात. म्हणून चुलीपाशी एक माणूस कायम हवं. ते माणूस म्हणजे धाकटी जाऊ.

५.१०
आधणाला उकळी आली. परातीत दहा किलो पिठातलं पहिलं अडीच. पीठ काल संध्याकाळी दळलेलं. त्याहून जुनं चालत नाही, विरी जाते, मग भाकरी थापताना काठ चिरतात. अक्का पिठात आळं करून उकळतं पाणी ओततात, उलथण्यानं कालवतात, आणि वाफ निघत असतानाच हात घालतात. मळणं तळहाताच्या टाचेनं. खांदा पुढं, मागं. मी नुसता बघून अवघडलो.

पहिली भाकरी बाजूला काढली. गाईची. गाय कुठंय, विचारलं.
“गाय गेली इकून. शेजाऱ्याची म्हैस हाय, ती खाती,” अक्का म्हणाल्या. मग जाऊबाईंकडं बघून हसल्या. “पहिली तशी बी चांगली येत नाई. तवा तापलेला नसतो.”

देवाचं देणं आणि तव्याचा हिशेब एकाच भाकरीत भागतात. मला हे फार आवडलं.

६.३०
आता बोलणं बंद. गोळा, पीठ, थाप. उजवा हात थापतो, डावा काठ आवळत फिरवतो. भाकरी परातीत आपोआप फिरतेय असं वाटतं. मग ती दोन्ही हातांवर उचलून तव्यात. वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर भेगा, घाई झाली तर चिकटते. दुसरी बाजू झाली की जाऊबाई तवा सरकवून भाकरी आरावर उभी करतात. टम्म फुगते. पावणेदोन मिनिटांना एक.

कोनाड्यातला फोन वाजला. अक्कांनी कोपरानं उचलला, खांद्याला लावला. निलंग्याची बहीण. एवढ्यात हातातल्या भाकरीचा काठ चिरला. “ठेव, नंतर,” म्हणाल्या. चिरलेली घरच्यांच्या टोपल्यात गेली. त्यानंतर फोन दोनदा वाजला, कुणी उचलला नाही.

मी वहीत एकाग्रता, कृतज्ञता, जगण्याचा हेतू असले शब्द लिहून आणले होते. विचारायला तोंड उघडलं तर अक्कांनीच विचारलं, “काय बघायलाव एवढं? जरा सरका, उजेड अडायलाय.”

८.४५
एकशेवीस झाल्या. दहादहाच्या चळती, धडप्यात गुंडाळून डालग्यात.

९.१५
सरकारी बस. अक्का आधार कार्ड दाखवतात, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट. त्याआधी डालगं घेऊन शेअर ऑटो करावा लागे आणि दोन-तीन भाकरींचे पैसे त्यातच जात. निलंग्याच्या बहिणीला तिकडं महाराष्ट्रात अर्धं तिकीट. १९५६ आधी निलंगा बीदर जिल्ह्यातच होता. राज्यं वेगळी झाली. येळवस दोन्हीकडं एकाच अमावास्येला.

९.४५
सस्तापूर बंगला. पुणे–हैदराबाद महामार्ग, ट्रकांची रांग, गॅरेजं, वेल्डिंगचा उजेड. खानावळवाला मोजतो. सात रुपयांप्रमाणे आठशेचाळीस. आठशे देतो. “चाळीस संध्याकाळी, अक्का.” अक्का काही बोलत नाहीत, पण बोटांवर चाळीस धरून ठेवल्यासारखी मूठ आवळतात. निघताना तो म्हणतो, “रात्रीला अजून शंभर द्या. ड्रायव्हर लोक चपाती नको म्हणायलेत.”
“नाई होणार.”

परतताना बसवेश्वरांचा १०८ फुटी पुतळा दिसला आणि मला लक्कम्मा आठवली. बाराव्या शतकात याच कल्याणात लाकूडतोड्या मारय्या, दोर वळणारा चंदय्या अशी हातानं पोट भरणारी माणसं बसवेश्वरांसोबत शरण म्हणून बसत. दुसरा एक आयदक्की मारय्या, तो सांडलेले तांदूळ वेचायचा. एक दिवस जास्त घेऊन आला, तर बायको लक्कम्मानं सांगितलं, रोजच्यापुरते ठेव, बाकीचे परत टाकून ये. बसमध्ये मी ही गोष्ट अक्कांना सांगायला घेतली. त्यांना माहीत होती, प्रवचनात ऐकलेली.
“लक्कम्माला लेकीच्या पीयूसीची फी भरायची नव्हती,” म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

११.३०
आता कडक भाकरी. येळवशीला माणसं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडतात, आंबील पितात, भज्जी खातात. सोबत भाकरी लागतातच, आणि घरोघरी आता थापणारे हात कमी. शंभराची ऑर्डर, आठ रुपये नग. सात किलो पिठात एकशेपाच. पाच वरच्या, कारण मोडतातच. पातळ थापायच्या, पापडासारख्या. भाजून झाल्या की चुलीच्या कडेनं उभ्या लावायच्या, मंद आरावर. जाऊबाईंची बोटं टोकाला काळी, गुळगुळीत झालीत. “ठसे उमटत नाईत,” त्या सांगतात. रेशनला अंगठा लावताना मशीन दोनदा नाही म्हणतं.

३.२०
एकशेपाच झाल्या. चार मोडल्या. एक अक्कांनी मला दिली, शेंगाचटणी आणि तेल घालून. तोंडात कुर्रकन मोडते, मग ज्वारीचा गोडवा येतो. ज्वारी मालदांडी, पंचेचाळीस रुपये किलो, वर दळणाचे पाच. अक्कांचं माहेर औराद तालुक्यात. “आमच्या रानात पोत्यानं व्हायची. आता भाऊ सोयाबीन पेरतो. मी बाजारातून घेते.” एवढंच. मी पुढं विचारलं नाही.

४.१०
अक्कांची लेक पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजातून आली. आईच्या कानाशी काहीतरी म्हणाली. अक्का थोडा वेळ चुलीकडं बघत राहिल्या, मग खानावळीला फोन लावला. “शंभर नाई. चाळीस देते. आठ रुपयानं.” पलीकडून घासाघीस झाली. “मग राहू द्या,” म्हणाल्या. पलीकडचा कबूल झाला.

लेक साडेतीन किलो ज्वारी घेऊन गिरणीवर गेली.

५.३०
परत आधण. सकाळची लय आता नाही. थाप तीच, पण दर पाच भाकरींनी अक्का उजवा खांदा फिरवतात. तरी एकही काठ चिरला नाही. मी मुद्दाम बघत होतो.

७.००
मोटारसायकलवर खानावळीचा पोरगा आला. चाळीस भाकरींचे तीनशेवीस आणि सकाळचे चाळीस. अक्कांची मूठ सुटली.

८.१५
जेवण रेशनच्या तांदळाचा भात आणि वरण. सोबत चिरलेली, मोडलेली भाकरी. निलंग्याला फोन झाला, पाऊण तास.

मग हिशेब. वही लेकीकडं. सकाळचे ज्वारी-दळण-सरपण वजा जाता दोनशेऐंशी. कडकचे चारशेदहा. संध्याकाळचे एकशेपंचवीस. “तुराट्यांचे वीस धरलेस का?” अक्का विचारतात. धरलेत. आठशेपंधरा. चारशे अक्कांचे, चारशे जाऊबाईंचे. जास्त थापतं कोण, भाजतं कोण हा वाद या घरात कधीच मिटलाय.

वरचे पंधरा उरले. जाऊबाई म्हणाल्या, भाजल्याचं मलम आणू. अक्का म्हणाल्या, काडेपेट्या. काडेपेट्या ठरल्या. घरात चारच काड्या होत्या, आणि उद्या खानावळीला दीडशे हव्यात.