ताटांतील मटणाचा माग

पोळा श्रावणी अमावास्येस येतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे करीच्या दिवशीं, नागपुरांत मटणाच्या दुकानांपुढें सकाळपासून गर्दी लोटते. श्रावणभर मांसाहार वर्ज्य करणाऱ्या घरांतून त्या दिवशीं पुन्हा रस्सा शिजतो. हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून साऱ्या शहरांत पसरलेला सावजी रस्सा किती झणझणीत असावा, यावर घरोघर मतें मांडलीं जातात. मात्र तें मटण ज्या बोकडाचें, तो कोणत्या गांवचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

खेड्यांत गोष्ट निराळी. तेथें बोकड डोळ्यांदेखत वाढलेला असतो. हिस्सा घेणाऱ्यास तो निरोगी होता कीं नाहीं हें ठाऊक असतें. शहरांतील गिऱ्हाइकाची ओळख खाटकाच्या ठोकळ्यापाशींच संपते. त्यापलीकडे व्यापारी, आठवडी बाजार आणि विदर्भांतील रानांत बेरारी जातीच्या शेळ्या चारणारीं कुटुंबें असतात. तीं त्याच्या दृष्टीआड राहतात.

जें डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं, त्याची हमी कायद्यानें द्यावी लागते. इ. स. २००१ मध्यें केंद्र सरकारनें कत्तलखान्यांसाठीं नियम केले. त्यांनुसार शहराच्या हद्दींत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापतां येत नाहीं. पशुवैद्यानें योग्य ठरविल्यावांचून तें कापूं नये; एका जनावरादेखत दुसरें कापूं नये; आणि तपासणीनंतर त्यास २४ तास विसांवा द्यावा, असें त्यांत सांगितलें आहे.

हा विसांवा केवळ भूतदयेपोटीं नव्हे. स्नायूंत ग्लायकोजेन नांवाच्या पिष्टमय द्रव्याचा सांठा असतो. प्राण गेल्यावर त्याचें लॅक्टिक आम्ल बनतें, आणि त्या आम्लतेमुळें जंतूंची वाढ मंदावते. लांबच्या प्रवासानें आणि भीतीनें गळून गेलेल्या जनावरांत हा सांठा आधींच संपलेला असतो. त्याचें मांस काळसर व चिकट होतें आणि लौकर नासतें. बोकडाचा शेवटचा दिवस असा थेट ताटापर्यंत येऊन पोंचतो.

खाणाऱ्यांच्या जागरूकतेनें काय घडतें, याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. शिकागो येथील मांसाच्या कारखान्यांचें चित्र रंगविणारी अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ सालीं ग्रंथरूपानें निघाली. लेखकाचा रोख कामगारांच्या हालांवर होता. वाचक हादरले ते आपल्या अन्नाच्या विचारानें. त्याच वर्षीं तेथें मांसतपासणीचा कायदा झाला.

आपल्याकडील नियमांत आणखी एक कलम आहे. एका पशुवैद्यानें तासाला १२ आणि दिवसाला ९६ यांहून अधिक जनावरें तपासूं नयेत. करीच्या दिवशीं मागणी कितीही वाढली, तरी ही मर्यादा वाढत नाहीं. तेव्हां प्रत्येक बोकड खरोखर तपासला जावयाचा असेल, तर तपासणारेच वाढविले पाहिजेत. ‘हें कोठें कापलें, कोणीं तपासलें?’ असें दुकानांत विचारणारीं गिऱ्हाइकें वाढलीं, तरच त्या वाढीची निकड कोणास तरी भासेल.