स्कापा फ्लोच्या तळाशी

स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी बेटांच्या कुशीत स्कापा फ्लो नावाचा प्रशस्त, निवाऱ्याचा उपसागर आहे. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीनंतर जर्मनीच्या ७४ युद्धनौका येथे अडकवून ठेवल्या होत्या. त्या ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल फॉन रॉयटर यांनी त्या बुडविण्याची आज्ञा दिली आणि ५२ नौका तळास गेल्या. पुढे बहुतेक वर काढून भंगारात निघाल्या. उरल्या त्यांत तीन अजस्र लढाऊ जहाजे आहेत. त्यांच्या भेटीस पाणबुडे पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरतात.

येथले पाणी ऐन उन्हाळ्यातही थंडगार असते, आणि पाणी अंगाची ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. म्हणून लोकरी कपड्यांवर पाणी आत न शिरणारा पोशाख चढवावा लागतो. तथापि खरा वैरी थंडीहून निराळा आहे. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. 'मार्कग्राफ' हे जहाज सुमारे ४५ मीटरांवर आहे. तेथे हवा पृष्ठभागापेक्षा साडेपाचपट वेगाने संपते, आणि श्वासातील नायट्रोजन रक्तामांसात मुरत जातो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. त्यातून पांगळेपणा येतो, कधी मृत्यूही. टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे, हे गणित जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडले. त्याची किंमत आधी प्रयोगातल्या शेळ्यांनी मोजली होती! थंडीचा खरा डाव या थांब्यांवरच साधतो: गारठ्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुरलेला वायू बाहेर पडावयास विलंब लागतो.

एवढे सोसून दिसते काय? तोफांच्या बुरुजांनी माथा जड झालेली ही जहाजे बुडताना उलथली. वर दिसते ती गंजलेली पाठ. तोफा खाली अंधारात. आत शिरावे, तर पायाच्या एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि हातातला दिवाही निरुपयोगी ठरतो.

याच उपसागरात ब्रिटिशांचे 'रॉयल ओक' आहे. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने ते बुडविले; ८३५ जण गेले. ते कमी खोलीवर आहे, म्हणजे उतरावयास सोपे. पण ती समाधी मानली जाते आणि तेथे हौशी पाणबुड्यांस मज्जाव आहे. वर्षातून एकदा नौदलाचे पाणबुडे मात्र खाली जातात, आणि जहाजावरचा जुना ध्वज काढून नवा लावून येतात.